चांदीचे कलिल आणि मीठ: काही गैरसमज

खडबडीत चांदीवर चिकटलेल्या पिरिडिनचा रामन संकेत, म्हणजे रेणूच्या कंपनांमुळे तरंगलांबी बदलून विखुरलेला प्रकाश, अनपेक्षितपणे ठळक दिसतो हे १९७४ मध्ये फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी नोंदवले. त्याचे श्रेय त्यांनी वाढलेल्या पृष्ठभागाला दिले होते, पण ते स्पष्टीकरण अपुरे असल्याचे १९७७ मध्ये इतर संशोधकांनी दाखवले. पृष्ठभागामुळे रामन संकेत वाढवण्याच्या या तंत्रात पुढे चांदीचे कलिल, म्हणजे पाण्यात तरंगणारे नॅनोकण, वापरात आले आणि त्यात चिमूटभर मीठ घातले की रंगद्रव्याचा संकेत उसळतो, हेही लक्षात आले.

मीठ फक्त कणांना एकत्र आणते, हा यातला सर्वात रुजलेला समज अर्धाच खरा आहे. सायट्रेटने आच्छादलेले कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलतात. विद्राव्य क्षारांचे आयन हा भार झाकतात, कण जवळ येतात आणि त्यांच्यातील अरुंद फटींत प्रकाशाचे विद्युतक्षेत्र प्रचंड वाढते. मात्र हिल्डेब्रांट आणि श्टॉकबुर्गर यांनी १९८४ मध्ये रोडामाइन ६जी या धनभारित रंगद्रव्यावर केलेल्या अभ्यासातून असे दिसले की क्लोराइड स्वतः चांदीला घट्ट धरते आणि रंगद्रव्याला बसण्यासाठी अनुकूल जागा घडवते. त्यामुळे केवळ कण जवळ आणण्यावर सारा भार टाकणे चुकीचे ठरते.

आयन कोणताही असो, परिणाम सारखाच, हेही खरे नाही. कण ऋणभारित असतील तर द्विभारी मॅग्नेशियम एकभारी सोडियमपेक्षा फारच कमी प्रमाणात कलिल गोठवते. याउलट क्लोराइडसारखे हॅलाइड आयन पृष्ठभाग व्यापून बसत असल्याने, चांदीशी दुबळे बंध करणाऱ्या ऋणभारित रेणूंना ते हुसकावून लावू शकतात. म्हणूनच डीएनएच्या घटकांसाठी हॅलाइड नसलेले मॅग्नेशियम सल्फेट सोयीचे पडते.

जास्त मीठ म्हणजे जास्त संकेत, या समजुतीचे खंडन तर कुपीतच दिसते: पिवळसर कलिल आधी हिरवट-करडे होते, मग तळाशी गाळ साचतो, आणि लेसरच्या वाटेत कणच उरत नाहीत.

सोडियम वा क्लोराइड हे एकाच अणूचे आयन असल्याने त्यांचे स्वतःचे अंतर्गत कंपन नसते. तरीही सुमारे २४० प्रति सेंटीमीटरजवळ उमटणारे शिखर रंगद्रव्याचे नसून चांदी आणि क्लोराइड यांच्यातील बंधाचे असते, आणि वर्णपट वाचताना नवखा अभ्यासक नेमका तिथेच फसतो.