एकाच बाजूनं भोक असलेला मणी!

दोस्ता, वुडचक माहीत आहे का तुला? नाही? अरे, आपल्याकडे तो राहतच नाही मुळी! तो राहतो अमेरिकेत आणि कॅनडात. दिसायला गुबगुबीत, पण आहे आपल्या खारुताईच्या कुळातला! बिळं खणतो, पाला खातो आणि अख्खा हिवाळा झोपून काढतो!

पण या झोपाळूला एक वाईट आजार होतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात काही वुडचक यकृताच्या कर्करोगानं मरत होते. यकृत म्हणजे आपल्या उजव्या बरगड्यांच्या आड असलेला मोठा अवयव. अन्न पचवायला मदत करणारा! शास्त्रज्ञांनी तपास केला आणि १९७८ मध्ये खरा चोर सापडला. एक विषाणू! ओळख बघू, तो कुणाच्या नात्यातला निघाला? माणसाला कावीळ करणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूच्या!

हा विषाणू करतो तरी काय? माळा ओवतो! त्याच्याजवळ स्वतःची सगळी माहिती असलेली एक इवलीशी गोल माळ असते. मणी असतात जेमतेम ३,३००! आपलं शरीर पेशी नावाच्या बारीक बारीक तुकड्यांचं बनलेलं असतं ना? वुडचकचंही तसंच! विषाणू त्याच्या यकृताच्या पेशीत घुसतो आणि तिथेच आपल्या माळेच्या नकला ओवून घेतो. एकीच्या शंभर, शंभराच्या लाखो!

मग औषध काय करतं, सांगू? फसवा मणी देतं! दिसतो अगदी खऱ्यासारखा, पण भोक एकाच बाजूनं! विषाणू तो ओवतो खरा, पण पुढचा मणी जातच नाही! माळ अर्धवट! लॅमिव्ह्युडिन नावाचं औषध हीच युक्ती करतं. आहे की नाही गंमत?

पण थांब! मूळ माळ तर पेशीच्या पोटात लपलेलीच असते. औषध थांबलं, की ओवणं पुन्हा सुरू!

आता ती लपलेली माळ कोण शोधणार? टी-पेशी! छातीत, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे या लढवय्या पेशी वाढून लढायला तयार होतात. विषाणू कुठल्या पेशीत लपलाय हे त्यांना बरोबर कळतं, आणि त्या ती पेशीच नष्ट करतात!

मग वुडचकच्या टी-पेशी गप्प का? कारण अगदी तान्हेपणी विषाणू शिरला, तर पिल्लाच्या शरीराला तो परका वाटतच नाही! म्हणून टी-पेशींना जागं करायला हवं. त्यासाठी आहे थायमोसिन अल्फा-१. हे एक पेप्टाइड आहे, आणि ते पहिल्यांदा मिळालं वासराच्या थायमसमधून! आता आश्चर्य ऐक. पेप्टाइड हीसुद्धा एक माळच असते! थायमोसिन अल्फा-१ च्या माळेत मणी फक्त २८! शास्त्रज्ञांनी वुडचकना ते दिलं, तर विषाणूंची वाढ मंदावली.

मग दोन्ही उपाय एकत्र केले तर? औषधानं ओवणं थांबवायचं आणि टी-पेशींना उठवायचं! अशी एक जोडी वुडचकवर करूनही पाहिली गेली. त्यात आधी क्लेव्ह्युडिन नावाचं औषध आणि मग जागं करायला लस! २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं, की इतका काळ गप्प बसलेली शरीरं विषाणूला ओळखू लागली! माणसांनाही औषध आणि थायमोसिन एकत्र देऊन पाहिलं आहे.

विषाणू आत शिरण्याआधीच शरीराला त्याची ओळख करून दिली तर? तेच तर हिपॅटायटिस बीची लस करते! भारतात बाळ जन्मलं, की २४ तासांच्या आत ती टोचायची असते. आज आईबाबांकडून तुझं लसीकरणाचं कार्ड मागून घे आणि हिपॅटायटिस बीची नोंद शोध! आणि नोंद सापडली नाही, तर डॉक्टरांना नक्की विचारायला सांग!