घरच्या हातांनी सजलेला विवाह

दिवाळीच्या मुहूर्तावर जैन व्यापाऱ्याच्या पेढीवर नवी वही उघडली जाते. पहिल्या पानावर 'श्री'चा मनोरा चढतो. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी आणि कयवन्ना शेठांचे सौभाग्य लाभावे, अशी मंगलकामना लिहिली जाते. त्यानंतरच्या प्रत्येक पानावर जमा आणि नावे यांचा मेळ बसविल्याशिवाय पेढीवरचा दिवा मालवत नाही. हीच पेढी चालविणाऱ्या घरात विवाह ठरला, की मात्र वही मिटते. कार्यालयाची निवड, मांडवाची सजावट, पदार्थांची संख्या यांपैकी कशावरही 'हे कशासाठी?' हा प्रश्न विचारला जात नाही. एरवी मालाच्या दरात चार आण्यांसाठी घासाघीस करणारा गृहस्थ लाखांच्या आकड्यापुढे मान डोलावतो. कारण विचारले तर उत्तर एकच असते : 'लोक काय म्हणतील?'

पत आणि प्रदर्शन

या उत्तराची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्यामागे व्यापारी समाजाचा एक खरा अनुभव उभा आहे. बाजारात पत हे भांडवलच असते. उधारीवर माल मिळतो तो पतीवर आणि हुंडी सकारली जाते तीही पतीवर. ज्या घराचे लग्न थाटात झाले त्याची पेढी भक्कम, आणि ज्याने आटोपशीर केले त्याचे काहीतरी बिनसले असावे, असा अर्थ बाजारात काढला जातो. म्हणूनच भवानी पेठेतील धान्याचा आडत्या असो, रविवार पेठेतील भांड्यांचा व्यापारी असो किंवा उपनगरातील किराणा दुकानदार असो, मुलीच्या विवाहात हात आखडता घेण्याचे त्याला भय वाटते.

हे भय किती महागात पडते, याचा हिशेब मात्र व्यापाऱ्याच्याच भाषेत मांडला पाहिजे. उदाहरणादाखल, एखाद्या दुकानदाराने विवाहासाठी दुकानातील 10 लाख रुपये उचलले, असे मानू. वर्षातून 4 वेळा फिरणारे आणि प्रत्येक फेरीत 5 टक्के नफा देणारे ते भांडवल असेल, तर वर्षाला 2 लाखांचे उत्पन्न थांबते. तीच रक्कम शेकडा 12 टक्के दराने कर्जाऊ घेतली, तर व्याजापोटीच दरमहा 10 हजार रुपये जातात. पत दाखविण्यासाठी केलेला खर्च अशा रीतीने पतीच्याच मुळावर येतो. त्याची झळ केवळ त्या घरापुरती राहत नाही. मोठ्या भावाने जो पायंडा पाडला, तो धाकट्याला, चुलत भावाला आणि गावाकडच्या साध्या दुकानदार व्याह्यालाही पाळावा लागतो. संपन्न घराची हौस दुसऱ्या घराचे ओझे बनते.

पुण्याची जुनी वाट

साध्या विवाहाची कल्पना पुण्याला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी याच शहरात सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट आणि वधू राधा निंबणकर. सावित्रीबाईंनी पुढाकार घेतलेला हा विवाह हुंड्याविना, अगदी थोड्या खर्चात पार पडला. परस्परांशी निष्ठेने वागण्याची शपथ आणि आप्तांची साक्ष, एवढ्यावर विवाह पूर्ण होतो, हे त्या दिवशी पुण्याने पाहिले.

त्यानंतर शतकाहून अधिक काळाने जैन समाजातही असाच प्रयत्न झाला. शांतिलाल मुथ्था यांनी 1985 मध्ये पुण्यात भारतीय जैन संघटनेची स्थापना केली. स्वतःचा बांधकाम व्यवसाय बाजूला ठेवून समाजकार्याकडे वळलेल्या मुथ्था यांच्या आरंभीच्या कामांत सामूहिक विवाहांना मोठे स्थान होते. एकाच मांडवात अनेक जोडप्यांचे विवाह, एकच भोजन आणि हुंड्याला फाटा, ही पद्धत अनेक कुटुंबांना कर्जापासून वाचविणारी ठरली. तरीही समाजमनात एक गैरसमज उरला : सामूहिक विवाह हा गरजूंसाठी, ऐपत असलेल्यांसाठी नव्हे. साधेपणा जोवर गरिबीची खूण मानला जाईल, तोवर तो कोणाला मनापासून नको असणार. ऐपत असलेल्यांनी तो आपणहून स्वीकारला, तरच त्याला प्रतिष्ठा लाभेल.

अलीकडचा धडा तर सर्वांच्या स्मरणात आहे. करोनाच्या साथीत 2020 मध्ये विवाहाला 50 जणांची मर्यादा आली. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात ती 25 व्यक्ती आणि 2 तास इतकी कमी झाली. त्या काळात लागलेले विवाह काही कमी टिकाऊ ठरले नाहीत. सक्तीने शिकलेला धडा निर्बंध उठताच विस्मरणात गेला, एवढेच.

आधी यादी, मग कार्यालय

लहान विवाहाच्या नियोजनात क्रमाला फार महत्त्व आहे. बहुतेक घरांत प्रथम कार्यालय ठरते आणि मग ते भरण्यासाठी पाहुण्यांची यादी वाढत जाते. हा क्रम उलटा केला, तर निम्मे काम तिथेच होते. प्रथम नावे लिहावीत. वधू-वरांना नावाने ओळखणारे आणि ज्यांच्या घरी सुखदुःखाला जाणे-येणे आहे, असे आप्त पहिल्या यादीत घ्यावेत. व्यापारी संबंधांतील मंडळींची यादी वेगळी ठेवावी. त्यांना विवाहानंतर एखाद्या सकाळी चहापानासाठी घरी किंवा पेढीवर बोलाविता येते आणि तिथे चार शब्द निवांत बोलणेही होते.

पाहुण्यांच्या संख्येवरच बाकी सारा खर्च उभा असतो. एका ताटाचा खर्च 700 रुपये धरला, तर 600 पाहुण्यांचे 4 लाख 20 हजार होतात आणि 150 पाहुण्यांचे 1 लाख 5 हजार. पाहुणे कमी झाले की जागा लहान चालते, खुर्च्या कमी लागतात, वाहने कमी लागतात आणि निवासाच्या खोल्याही. सजावटीत काटकसर करून जे साधत नाही, ते यादीत साधते.

दुसरा निर्णय वेळेचा. रात्रिभोजनाचा त्याग जैन कुटुंबांना परका नाही. तरीही स्वागतसमारंभ रात्री ठेवून, नियम पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना उपाशी परत पाठविण्याचा प्रकार घडतो. सकाळचा विवाह आणि दुपारचे भोजन ठेवले, तर नियमही पाळला जातो आणि विद्युत रोषणाईचा खर्चही वाचतो. चातुर्मासानंतरच्या मोजक्या तिथींवर साऱ्या शहराची झुंबड उडते. त्यांतल्या रविवारचा आग्रह सोडल्यास कार्यालयही तुलनेने सहज मिळते. सोसायटीचे सभागृह किंवा गावाकडच्या घराचे अंगण 150 माणसांना पुरेसे ठरते.

भोजनाचा विवेक

विवाहाच्या भोजनासंबंधी जैन परंपरेइतकी बोलकी कथा क्वचितच आढळेल. नेमिकुमारांची वरात राजुलच्या दारी निघाली असता, भोजनासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला आणि त्यांनी रथ फिरविला. गिरनारची वाट तिथूनच सुरू झाली. आज जैन विवाहाच्या ताटात मांस नसते, हे खरे. पण जयणेचा विचार तिथेच संपत नाही. पन्नास पदार्थ मांडायचे, प्रत्येकाने ते चाखून टाकायचे आणि उष्ट्याचे ढीग उचलायचे, यात अन्नाचीही हेळसांड होते आणि त्यातून होणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या हिंसेचीही भर पडते.

दालबाटी, चुरमा, गट्ट्याची भाजी, कढी, पुरी आणि ऋतूनुसार एखादी हिरवी भाजी, एवढ्यात पाहुणे तृप्त होतात. कंदमुळे नकोतच. मिठाईवरचा चांदीचा वर्खही पारंपरिक पद्धतीत प्राण्यांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत कुटला जात असल्याने तो टाळणे श्रेयस्कर. पाहुणे मोजके असतील, तर पंगत मांडणे शक्य होते. घरच्या मुलांनी वाढावे, आग्रह माणसाचा करावा, पदार्थाचा नव्हे. ताट धुऊन पिणारी आजी ज्या पंगतीत बसलेली असते, तिथे पानात टाकण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

हातांचे काम

हस्तकलेने सजलेला विवाह ही नवी टूम वाटत असली, तरी दोन पिढ्यांपूर्वी प्रत्येक विवाह हातांनीच घडत असे. मारवाडी घरांत मूग निवडून मंगोडी घालण्याने लग्नकार्याची सुरुवात होई. पापड लाटायला आळीतल्या बायका जमत आणि गाणी म्हणत. महाराष्ट्रातील शेजारघरी रुखवत मांडले जाई. वधूने स्वतः विणलेले रुमाल, भरतकाम, मण्यांची तोरणे त्यात असत. आज तेच रुखवत तयार विकत वा भाड्याने आणले जाते. वस्तू तशाच दिसतात, पण त्या कोणी केल्या, याचे उत्तर कोणाकडे नसते.

पुण्यासारख्या शहरात हाताच्या कामासाठी लागणारे सारे जवळच आहे. शिवाजीनगर येथील हातकागद संस्थेत 1940 पासून सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद तयार होतो. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. अशा कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या 40-50 कुंकुमपत्रिका वडीलधाऱ्यांसाठी पुरेशा होतात आणि बाकीच्यांना भ्रमणध्वनीवरून निमंत्रण जाते. कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम केलेली तांब्याची भांडी आजही हातोडीने घडविली जातात. प्लॅस्टिकच्या शोभेच्या वस्तूंऐवजी त्यांतील एक लहानसे भांडे भेट दिले, तर ते वर्षानुवर्षे वापरात राहते. बुरुडांच्या परड्यांत नारळ आणि सुका मेवा ठेवला की वेगळ्या वेष्टनाची गरजच उरत नाही.

सजावटीतही जैन विचाराला अनुरूप पर्याय आहेत. तोडलेल्या फुलांचे डोंगर उभारण्याऐवजी कापडाची आणि कागदाची तोरणे करता येतात. जुन्या साड्यांचे काठ जोडून मांडवाची झालर होते, उरलेल्या कापडाच्या मुखवासाच्या थैल्या शिवता येतात. देरासरात तांदळाची गहुली काढणाऱ्या स्त्रियांकडे एक समृद्ध कला आहेच. स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, मीनयुगल आणि दर्पण ही अष्टमंगले पाटावर रेखली, तर व्यासपीठाला वेगळ्या चित्राची गरज राहत नाही. वधूच्या वस्त्रासाठी आजीच्या पेटीतील ओढणी पुन्हा उघडावी. कोशातील किड्यांचा विचार करून नवी रेशमी वस्त्रे टाळणाऱ्यांना सुती हातमागाचा मार्ग मोकळा आहे.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. हाताचे काम स्वस्त असते, फुकट नसते. त्यासाठी वेळ मोजावा लागतो. विवाहाच्या आदल्या आठवड्यात 200 थैल्या शिवायला घेतल्या, तर घरातील स्त्रिया रात्री जागतात आणि मंगल दिवशी त्यांच्याच चेहऱ्यावर थकवा दिसतो. तीन महिने आधी आरंभ करावा, दर रविवारी दोन तास ठरवावेत आणि मुलग्यांनाही सुईदोरा हाती द्यावा. 150 माणसांचा स्वयंपाक मात्र घरी करण्याचा हट्ट नको. तो अनुभवी आचाऱ्यावर सोपवावा. जे काम एकत्र बसून आनंदाने होईल, तेवढेच घरच्यांनी उचलावे.

विधी आणि नोंद

विवाहाचा विधी मुळात खर्चिक नाही. जिनपूजन, हस्तमेलाप, मंगलफेरे आणि वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, एवढे त्याचे सार आहे. फेरे चार की सात, हे घरच्या रीतीप्रमाणे ठरावे. विधी करणाऱ्याने प्रत्येक वचनाचा अर्थ मराठीत सांगितला, तर पाहुण्यांचे लक्ष भ्रमणध्वनीकडून मांडवाकडे वळते. छायाचित्रकाराच्या सोयीसाठी विधी थांबविण्याची प्रथा तेवढी बंद व्हावी.

हिंदू विवाह कायदा, 1955 जैनांनाही लागू आहे. वराचे वय 21 आणि वधूचे 18 पूर्ण असणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रातील 1998 च्या अधिनियमानुसार विवाहानंतर 90 दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. पारपत्र, बँक खाते, पेढीतील भागीदारी अशा अनेक कामांत ते प्रमाणपत्र उपयोगी पडते, म्हणून ही नोंद पुढे ढकलू नये.

पहिला शब्द कोणाचा?

एवढे सारे पटूनही अनेक विवाह थाटामाटाच्या प्रवाहात का वाहून जातात? कारण बोलणीच्या बैठकीत एक अवघड शांतता असते. वधूपिता साधेपणाचा विषय काढू शकत नाही. काढला तर तो कंजूष ठरतो, किंवा त्याची मुलगी जड झाली आहे, असा अर्थ निघतो. 'आमचे काही मागणे नाही, फक्त लग्न चांगले करून द्या' हे वाक्य तो ऐकतो आणि त्या 'चांगले' शब्दाची किंमत मनातल्या मनात मोजू लागतो. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 पासून अस्तित्वात आहे. या वाक्यातील मागणी मात्र कोणत्याही कागदावर येत नाही.

म्हणून पहिला शब्द वरपक्षाचाच असावा. 'व्याहीबुवा, पाहुणे दोन्हीकडचे मिळून 150, विवाह सकाळी, भोजन सूर्यास्तापूर्वी आणि खर्च निम्मा निम्मा', एवढे एक वाक्य वरपित्याने बैठकीत स्पष्ट उच्चारले, तर समोरच्या घरावरचे कित्येक महिन्यांचे दडपण त्या क्षणी उतरते. बचत झालेल्या रकमेतून काही भाग नवदांपत्याच्या नावे ठेवावा, काही साधर्मिकांच्या शिक्षणासाठी किंवा जीवदयेसाठी द्यावा. परिग्रहपरिमाणाचे व्रत श्रावकाने घ्यावे, असे शास्त्र सांगते. मर्यादा आपण होऊन आखायची असते, हा त्या व्रताचा गाभा आहे.

विवाहानंतरच्या दिवाळीत पेढीवर पुन्हा नवी वही उघडेल. ज्या घराने विवाहाचा हिशेबही त्याच वहीत निःसंकोच लिहिलेला असेल, त्या घराची पत बाजाराला विचारावी लागणार नाही.