'सवलत' आणि 'सोय' : पायाने अधू कर्मचारी व कामाची जागा

(१)

पायाने अधू असलेल्या एखाद्या लिपिकाचे टेबल वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणले गेले, तर कचेरीच्या भाषेत त्या घटनेची नोंद बहुधा 'सवलत देण्यात आली' अशी होते. त्याच कचेरीत सर्वांसाठी पंखे, दिवे, खुर्च्या आणि जिना असतो. त्यांचा उल्लेख मात्र 'सोयी' म्हणून केला जातो. वस्तुतः जिना ही देखील माणसाच्या एका उणिवेची भरपाईच होय. कोणाही माणसास उडी मारून पहिल्या मजल्यावर जाता येत नाही, म्हणून तो बांधावा लागतो. परंतु बहुसंख्यांची उणीव ही उणीव म्हणून गणली जात नाही, आणि तिच्या भरपाईस कोणी सवलत म्हणत नाही. प्रस्तुत लेखात या दोन शब्दांमधील अंतर, त्या अंतरामागे असलेला कायद्याचा विचार आणि कामाच्या जागी त्याचे प्रत्यक्ष स्वरूप यांचे विवेचन करावयाचे आहे.

(२)

'सवलत' हा शब्द मूळ अरबी असून फारसीच्या मार्गाने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ सुलभता एवढाच होता. आजच्या मराठीत मात्र तो 'नियमातून कृपेने दिलेली सूट' या अर्थी स्थिरावला आहे. हे अर्थांतर किती खोल गेले आहे, हे त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांवरून कळते. सवलत दिली जाते, मागितली जाते, मिळते, काढून घेतली जाते. तिचा गैरफायदाही घेतला जातो. प्रत्येक ठिकाणी देणारा व घेणारा असे दोन असमान पक्ष गृहीत आहेत. 'सोय' या शब्दाचा संसार निराळा आहे. सोय असते, होते, केली जाते, लावली जाते. ती कोणी दिली हे सांगण्याची वाक्यास निकड भासत नाही. शिवाय 'सोय' नसली की 'गैरसोय' होते, आणि गैरसोय हे तक्रारीचे रास्त कारण मानले जाते. सवलत नसण्याला मराठीत असा स्वतंत्र शब्द नाही. कारण जी मुळात कृपा आहे, तिच्या अभावाबद्दल तक्रार कशी करावयाची?

वाक्यरचनेतही हाच भेद दिसतो. 'त्याला जिना चढता येत नाही' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यात असमर्थता 'त्याला' या पदाशी, म्हणजे व्यक्तीशी, जोडली गेली आहे. जिना तेथे निष्पाप कर्म म्हणून उभा आहे. तेच वृत्त 'या कचेरीत वर जाण्यास जिन्यावाचून मार्ग नाही' असेही सांगता येते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. तथापि पहिल्या वाक्याचा उपाय शोधू गेले असता वैद्याकडे जावे लागते आणि दुसऱ्याचा उपाय गवंड्याकडे सापडतो. अपंगत्वाविषयीच्या आधुनिक विचारात झालेले मुख्य स्थित्यंतर पहिल्या वाक्याकडून दुसऱ्या वाक्याकडे झाले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

(३)

कायद्याच्या क्षेत्रात ही कल्पना प्रथम अपंगांच्या संदर्भात आली नाही. अमेरिकेच्या नागरी हक्क कायद्यात १९७२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात कर्मचाऱ्याच्या धर्माचरणासाठी मालकाने आपल्या कामकाजात वाजवी जुळवणी करावी, असे तत्त्व होते. पुढे तेच तत्त्व अपंग कर्मचाऱ्यांस लागू झाले आणि १९९० च्या अमेरिकन कायद्याने त्यास व्यापक रूप दिले. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारात त्याची व्याख्या आली, व भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्या करारास अनुसमर्थन दिले.

भारतात १९९५ चा कायदा जाऊन २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क अधिनियम आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यातील व्याख्येचे तीन घटक ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला, आवश्यक व उचित असे फेरबदल करणे. दुसरा, त्या विशिष्ट प्रसंगी प्रमाणाबाहेरचा किंवा अवाजवी भार न पडणे. आणि तिसरा, इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता येणे. याहून महत्त्वाची गोष्ट भेदभावाच्या व्याख्येत आहे. अशी जुळवणी नाकारणे हाच भेदभाव होय, असे अधिनियम म्हणतो. शासकीय आस्थापनेने अपंग कर्मचाऱ्यास अशी जुळवणी व अडथळारहित वातावरण पुरवावे, हे विसाव्या कलमात सांगितले आहे. खाजगी आस्थापनांसही समान संधीचे धोरण प्रसिद्ध करण्याचे बंधन एकविसाव्या कलमाने घातले आहे. म्हणजे कचेरी जिला 'सवलत' म्हणते, तिला कायदा कर्तव्य मानतो.

(४)

पायाच्या अधूपणाचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांच्या गरजा परस्परांहून भिन्न, क्वचित परस्परविरोधीही असतात. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यास उतरण हवी. कुबड्या वापरणाऱ्यास मात्र लांब उतरणीपेक्षा बुटक्या पायऱ्या व दोन्ही बाजूंचा कठडा अनेकदा अधिक सोयीचा पडतो. कॅलिपर बांधणाऱ्यास खाली बसून उठणे कष्टाचे असते. कृत्रिम पाय लावलेल्यास चालता येते, परंतु दीर्घकाळ उभे राहिल्याने अवयवाच्या उरलेल्या टोकावर दाब येऊन कातडी सोलवटते. यास्तव 'अपंगांसाठी एक उतरण बांधली' एवढ्याने कर्तव्य संपत नाही. काय हवे हे त्या कर्मचाऱ्यास विचारूनच ठरवावे लागते.

मोजमापांचे महत्त्वही येथे कळून येते. उतरण एकास बारा याहून तीव्र नसावी, हा सर्वमान्य दंडक आहे. प्रत्येकी १५० मिलिमीटर उंचीच्या तीन पायऱ्या चढावयाच्या असतील, तर एकूण उंची ४५० मिलिमीटर होते व तिच्यासाठी ५.४ मीटर लांबीची उतरण लागते. जागा नाही म्हणून ती दोन मीटरांत आटोपली, तर जे तयार होते ती उतरण नव्हे, घसरगुंडी होय. खुर्ची वळविण्यास सुमारे १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते आणि दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी लागते. दस्तऐवजांची कपाटे व्हरांड्यात आली की ही रुंदी सर्वप्रथम नाहीशी होते, हे कोणत्याही जुन्या कचेरीत पाहता येईल.

नागपूरसारख्या ठिकाणी हवामानाचाही विचार करणे प्राप्त आहे. मे महिन्यात येथील उष्मा ४५ अंश सेल्सियसपर्यंत व क्वचित त्याहून वर जातो. कृत्रिम पायाच्या खोबणीत घाम साचून ती निसटते. उन्हात तापलेली कॅलिपरची धातूची पट्टी कातडीस चटके देते. अशा कर्मचाऱ्यास उन्हाळ्यात सकाळी लवकर येऊन लवकर जाण्याची मुभा असणे, वाहन प्रवेशद्वाराशी उभे करू देणे, पाय काढून पुसून पुन्हा लावता येईल अशी आडोशाची जागा असणे, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. पावसाळ्यात गुळगुळीत ओल्या फरशीवर कुबडीची झिजलेली रबरी टोपी घसरते. तेथे खडबडीत पट्टी हा उपाय होय. प्रसाधनगृह कमोडचे असणे, त्याच मजल्यावर असणे व त्यास धरावयास दांडी असणे, ही गोष्ट संकोचामुळे सहसा बोलली जात नाही. परंतु तिच्या अभावी दिवसभर पाणी न पिण्याची सवय लावून घेणारे कर्मचारी असतात. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्या सवयीचे मोल शरीरास भरावे लागते.

(५)

काम माणसाप्रमाणे घडविण्याची कल्पना विदर्भास परकी नाही. वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम उभारले. वरोडा येथे बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली व त्यानंतर दोन वर्षांनी आनंदवनास प्रारंभ झाला. आरंभी तेथे अवघे सहा रुग्ण होते. कुष्ठरोगात परिघीय मज्जातंतूंची हानी होते, तळपायाची संवेदना जाते, काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळत राहते. अशा पायास विश्रांतीइतकीच मऊ रबरी तळव्याच्या पादत्राणांची व रोजच्या तपासणीची गरज असते. अशी माणसे काम करू शकत नाहीत हे समाजाने गृहीत धरले होते. आनंदवनात त्यांनीच विहिरी खणल्या, शेती उभी केली आणि माग चालविले. २०१६ च्या अधिनियमात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींचा समावेश चलनवलनविषयक अपंगत्वात केलेला आहे, हे या संदर्भात लक्षणीय होय.

स्वतः आमटे यांना मणक्याच्या विकारामुळे दीर्घकाळ बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच शक्य होते. १९८५ साली निघालेल्या भारत जोडो यात्रेत त्यांनी कन्याकुमारीपासूनचा प्रवास बसमध्ये आडवे राहून केला. बसमधील त्या बिछान्यास कोणी सवलत म्हटल्याचे ऐकिवात नाही. कार्य मोठे मानले गेले, म्हणून साधन त्याला अनुरूप करणे स्वाभाविक वाटले. लिपिकाच्या वा शिक्षिकेच्या कामास तेवढे मोल दिले, तर टेबल खाली आणणेही तितकेच स्वाभाविक वाटेल.

याच संदर्भात १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केलेल्या जयपूर पायाचाही उल्लेख करता येईल. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालून चालण्यासाठी केलेले होते. मांडी घालणे, उकिडवे बसणे, अनवाणी चालणे त्यांनी साधत नसे. या भूमीवरील चाल ध्यानात घेऊन साधन घडविले, तेव्हाच ते उपयोगी पडले.

(६)

सेवेत असताना पाय गमावणाऱ्याचा प्रश्न अधिक तीव्र असतो. कुणाल सिंह विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, कर्तव्यावर असताना झालेल्या दुखापतीमुळे डावा पाय कापावा लागलेल्या एका शिपायास सेवेस अपात्र ठरवून घरी पाठविण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तो निर्णय रद्द ठरविला. त्यास अपात्रतेचे निवृत्तिवेतन मिळाले होते, ही गोष्टही आड येऊ दिली नाही. आजच्या अधिनियमानुसार शासकीय आस्थापनेस अशा कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. मूळ पद झेपत नसेल, तर त्याच वेतनाचे दुसरे पद द्यावे लागते. तेही नसेल, तर सुयोग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते.

पोलिओच्या बाबतीत एक वेगळा मुद्दा उद्भवतो. भारतात शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. परंतु त्यापूर्वी बालपणी पोलिओ झालेली पिढी आज नोकरीत आहे अथवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. मूळ आजारानंतर कित्येक दशकांनी स्नायूंत नवी दुर्बलता व थकवा येणे, हा यांपैकी अनेकांचा अनुभव वैद्यकशास्त्राने नोंदविलेला आहे. जो कर्मचारी वीस वर्षे जिना चढत होता, त्यास एकविसाव्या वर्षी तो चढवेनासा होतो. 'इतकी वर्षे चढत होता, मग आताच काय झाले?' हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो.

(७)

या तत्त्वास मर्यादा नाही असे नव्हे. 'अवाजवी भार' ही ती मर्यादा होय. दहा माणसांच्या छापखान्याकडून उद्वाहकाची अपेक्षा करता येणार नाही. मात्र त्याने जुळणीचे काम तळमजल्यावर आणावे, ही अपेक्षा रास्त ठरेल. भार वाजवी की अवाजवी, हे त्या त्या प्रसंगी, खर्च व साधने पाहून ठरवावयाचे असते. इमारतीच्या सुगम्यतेची गोष्ट याहून निराळी आहे. ती कोणा एकाने मागण्याची वाट न पाहता सर्वांसाठी आधीच सिद्ध असावी लागते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारसवजा ठेवणारा २०१७ च्या नियमावलीतील पंधरावा नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक मानके करण्याचा आदेश दिला, तो याच भेदाच्या आधारे.

प्रशासनास असे फेरबदल जमत नाहीत, हा युक्तिवाद निदान नागपुरात टिकणारा नाही. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून येथे विधिमंडळाचे अधिवेशन भरते, तेव्हा थोड्या दिवसांसाठी मुंबईचे मंत्रालय कागदपत्रांसह व माणसांसह या शहरात येऊन बसते. ज्या यंत्रणेस एवढे स्थलांतर साधते, तिला एक टेबल एक मजला खाली आणणे अवघड नसावे.

राहता राहिला संज्ञेचा प्रश्न. या कल्पनेसाठी 'समायोजन' हा संस्कृत शब्द सहज सुचतो. परंतु महाराष्ट्राच्या प्रशासनात 'अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन' या प्रयोगामुळे त्यास माणूस उचलून रिकाम्या जागी बसविणे हा अर्थ येऊन चिकटला आहे. येथे नेमके उलट अभिप्रेत आहे. जागा माणसाला जुळवून घ्यावयाची आहे. 'सवलत' या शब्दाचे वैगुण्य वर दाखविलेच आहे. त्या मानाने 'वाजवी सोय' ही संज्ञा अधिक निर्दोष वाटते. 'वाजवी' या पदात मर्यादेचा बोध आहे, 'सोय' या पदात कृपेचा गंध नाही, आणि ती न केल्यास 'गैरसोय' झाली असे म्हणण्याचा मार्ग भाषेतच मोकळा राहतो. शब्द बदलल्याने उतरण आपोआप बांधली जात नाही, हे उघड आहे. तथापि ज्या अर्जावर 'सवलत मिळण्याबाबत' असे लिहिले जाते, तो विनंतीच्या फाईलीत जातो. आणि ज्यावर 'वाजवी सोय करण्याबाबत' असे लिहिले जाईल, त्याला कारणासहित उत्तर द्यावे लागेल.