घरच्या खेळण्यातला गोंद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायगडच्या किनाऱ्यावर, उरणपासून श्रीवर्धनपर्यंत, लहान पाळीव प्राण्यांची खेळणी करण्याचे सामान घराजवळच्या वाडीतच मिळते. नारळाची करवंटी, काथ्या, पोफळीची विरी, बांबूचे कांडे, आंब्याची किंवा सुरूची डहाळी यांपासून ससा, गिनीपिग, हॅमस्टर आणि ‘लव्हबर्ड’ या नावाने विकले जाणारे बजरीगर यांच्यासाठी झोके, बोगदे आणि कुरतडण्याच्या वस्तू तयार करता येतात. कीटकनाशक न मारलेले हे सामान सहसा निर्धोक असते. धोका असतो तो ते जोडणाऱ्या गोंदात. सशाचे आणि गिनीपिगचे सर्व दात, तर हॅमस्टर व पांढऱ्या उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी हे प्राणी सतत काहीतरी कुरतडतात आणि बजरीगरही चोचीने लाकूड सोलतात. त्यामुळे खेळण्याला लावलेला गोंद आज ना उद्या तोंडात जाणार, असे धरूनच तो निवडावा लागतो.

गैरसमज : बाटलीवर ‘बिनविषारी’ लिहिलेला गोंद प्राण्यांनाही चालतो.

वस्तुस्थिती : हा शब्द माणसाला, विशेषतः मुलांना, उद्देशून छापलेला असतो. मुलाच्या बोटाला लागलेला थोडा गोंद चुकून पोटात गेला तर विषबाधा होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. बजरीगराचे वजन ३० ते ४० ग्रॅम असते. १५ किलोच्या मुलाच्या तुलनेत ते सुमारे चारशेपट कमी आहे, म्हणून तेवढाच गोंद त्याच्यासाठी फार मोठी मात्रा ठरतो. शिवाय विषारी नसलेला पदार्थही आतड्यात अडकू शकतो. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्र सरकारचा आदेशही १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरताच आहे. प्राण्यांच्या खेळण्यांना तो लागू होत नाही.

गैरसमज : सुतारकामाचा पांढरा गोंद वाळला की काम झाले.

वस्तुस्थिती : फेव्हिकॉलसारखे पांढरे गोंद पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे असतात. याच जातीचे पॉलिमर च्युइंगगमच्या मूळ घटकांतही वापरतात आणि पूर्ण वाळल्यावर त्याची विषबाधा सहसा होत नाही. अडचण हवेची आहे. अलिबागला वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. कोरड्या हवेत २४ तासांत पक्का होणारा जोड या दिवसांत वरून सुकलेला आणि आतून ओला राहतो. वाळलेला साधा पांढरा गोंदही पाण्याने, लाळेने आणि पिंजऱ्यातल्या मुताने पुन्हा मऊ होतो. मग तो रबरासारखा ओढला जातो आणि गिळलाही जातो. हा गोंद वापरायचाच असेल तर पातळ थर द्यावा, तो दोन लाकडांच्या मधोमध राहील असे पाहावे, बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसावा आणि पावसाळ्यात खेळणे अनेक दिवस वाळू द्यावे.

गैरसमज : जितका पक्का गोंद, तितके खेळणे सुरक्षित.

वस्तुस्थिती : झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे किनाऱ्यावर तो भराभर धरतो. पण घट्ट झाल्यावर तो ठिसूळ असतो आणि चावल्यावर त्याच्या टोकदार कपच्या निघतात. ओला असताना त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते. जखमा चिकटवण्यासाठी डॉक्टर याच कुळातला गोंद वापरतात हे खरे, पण त्याची रासायनिक घडण वेगळी असते. गरम बंदुकीतून सोडला जाणारा गोंद प्लास्टिकच असतो. त्याचे थेंब दातांनी अलगद सुटतात आणि न पचता आतड्यात अडकतात. दोन नळ्यांच्या इपॉक्सीचे प्रमाण चुकले की तिचा काही भाग कच्चाच राहतो आणि तो त्वचेला व तोंडाला दाह करतो. सर्वांत घातक आहे तो फुगणारा पॉलियुरेथेन गोंद. ओलावा मिळताच तो कित्येक पट फुगतो. कुत्र्यांनी तो गिळल्यावर पोटात घट्ट गोळा होऊन शस्त्रक्रिया करावी लागल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. लहान प्राण्याच्या आसपास तो ठेवूच नये.

गैरसमज : वास गेला म्हणजे धोका गेला.

वस्तुस्थिती : चपला आणि रेक्झिन चिकटवण्याच्या पिवळसर गोंदात टोल्युइनसारखे उडून जाणारे द्रावक असतात. माणसाच्या नाकाला वास जाणवेनासा झाला तरी जाड थरातून ते हळूहळू सुटत राहतात. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्याही असतात आणि त्यांची श्वसनसंस्था हवेतला पदार्थ फार वेगाने शोषते. म्हणून पक्षी असलेल्या खोलीत असे काम करू नये. कोळीवाड्यांत फायबरच्या होड्यांच्या डागडुजीतून उरलेले रेझिन सहज मिळते. त्यात स्टायरीन असते आणि त्याचा हार्डनर जळजळीत दाहक असतो. खेळण्यासाठी ते कधीही वापरू नये.

गैरसमज : नैसर्गिक चिकट पदार्थ केव्हाही चांगला.

वस्तुस्थिती : मैद्याची ताजी खळ हा खरोखर सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. एक भाग मैदा आणि चार-पाच भाग पाणी मंद आचेवर ढवळत शिजवावे, पातळ लावावे आणि उन्हात खडखडीत वाळवावे. मात्र बुकबाइंडिंगच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची पद्धत आहे आणि मोरचूद विषारी आहे, म्हणून ती खळ आणू नये. दमट हवेत साध्या खळीलाही बुरशी येते आणि बुरशीचे कण पक्ष्यांना श्वासाचा जीवघेणा आजार देऊ शकतात. काळे-हिरवे ठिपके दिसताच खेळणे फेकून द्यावे. लाडवाचा डिंक खाण्याजोगा असला तरी स्टेशनरीच्या बाटलीतल्या डिंकात टिकाऊपणासाठी रसायने मिसळलेली असू शकतात. फणसाचा चीक तर पूर्वी पक्षी पकडण्यासाठीच वापरत. तो पिसांना आणि केसांना चिकटला की सुटत नाही. हाडा-कातड्यापासून केलेला सरस पावसाळी हवेत मऊ होऊन कुजतो.

गैरसमज : वरून गोंद लावला नाही म्हणजे खेळण्यात गोंद नाही.

वस्तुस्थिती : प्लायवुड गोंदानेच उभे असते. घरगुती ‘एमआर’ प्लायमध्ये बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड आणि पाण्याला टिकणाऱ्या ‘बीडब्ल्यूआर’ प्लायमध्ये फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिन असते. एमडीएफचा तर सगळा भुसाच रेझिनने बांधलेला असतो. हे तुकडे कुरतडायला देऊ नयेत. पन्हाळी पुठ्ठ्याचे थर साधारणपणे स्टार्चच्या खळीने जोडलेले असतात, त्यामुळे टेप, लेबल आणि पिना काढून असा पुठ्ठा वापरता येतो.

गैरसमज : गोंद गिळला तर उलटी करवावी.

वस्तुस्थिती : ससा, गिनीपिग, हॅमस्टर आणि उंदीर यांना उलटी होतच नाही. मीठपाणी किंवा तेल पाजल्याने ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. खेळणे काढून घ्यावे, गोंदाचे पाकीट जपून ठेवावे आणि पशुवैद्यकाशी लगेच बोलावे. ससा किंवा गिनीपिग दहा-बारा तास खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील तर ती तातडीची वेळ आहे.

या सर्वांवरचा सोपा उपाय म्हणजे गोंदाविना जोड. करवंटीला भोके पाडून कडा घासाव्यात आणि काथ्याच्या दोरीने तिचा झोका टांगावा. भोक इतके लहान असावे की डोके आत जाणार नाही, किंवा इतके मोठे की ते सहज बाहेर येईल. दोरीचे सुटे धागे कापून टाकावेत, कारण ते पक्ष्याच्या बोटांना गुंडाळले जातात. लाकडाला लाकडाचीच खुंटी ठोकावी, बांबूची कांडी खाचेत बसवावीत, विरी घडी घालून दोरीने बांधावी. जिथे जोड दोरीने, खुंटीने किंवा खाचेने होतो, तिथे गोंद लावू नये. जिथे त्यावाचून भागत नाही, तिथे ताजी, बिनमोरचुदाची खळ वापरावी.