फेरबदल केलेल्या टू-स्ट्रोक इंजिनातील इंधनपुरवठा व कार्बोरेटरची जुळवणी : दोषनिदानाची क्रमबद्ध पद्धती

सारांश :
फेरबदल केलेले टू-स्ट्रोक इंजिन अडखळू लागले की प्रथम कार्बोरेटरचा जेट बदलण्याकडे सर्वसाधारण कल दिसतो. तथापि, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पुरेसे पोहोचते का आणि इंजिनात आडमार्गाने हवा शिरते का, हे तपासल्याशिवाय केलेली जुळवणी फसवी ठरते. प्रस्तुत लेखात यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलीच्या संदर्भात दोष शोधण्याचा कार्यकारणाधिष्ठित क्रम मांडला आहे.

बीजशब्द : टू-स्ट्रोक इंजिन, कार्बोरेटर, जेट, इंधन-हवा प्रमाण, इथेनॉल, दोषनिदान

प्रस्तावना :
जोसेफ डे यांनी १८९१ मध्ये क्रँककेसमधूनच ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलणारी रचना सिद्ध केली. झडपांचा पसारा नसलेल्या या रचनेवर पुढे हलक्या दुचाकींची एक संपूर्ण परंपरा उभी राहिली. भारतात १९८५ ते १९९६ या काळात उत्पादित झालेली, ९८ सीसी क्षमतेची व सुमारे ११ अश्वशक्ती देणारी आरएक्स १०० ही त्यातील एक लोकप्रिय गाडी होय. उत्पादन थांबून अनेक वर्षे लोटली तरी ती आजही रस्त्यावर दिसते, आणि बहुधा मूळ स्वरूपात नव्हे, तर बदललेला सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर किंवा मोठा कार्बोरेटर घेऊन.

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल ताज्या मिश्रणासोबतच आत जाते आणि पिस्टनला थंड ठेवण्याचे कामही काही अंशी तेच मिश्रण करते. त्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडणे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत गाडी ‘लीन’ चालणे, हा केवळ कार्यक्षमतेचा प्रश्न राहत नाही. पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो व धावत्या गाडीचे मागचे चाक क्षणात अडकते. आपल्या महाविद्यालयांच्या वाहनतळांवर अशा गाड्या घेऊन येणारे विद्यार्थी पाहता हा विषय अभियांत्रिकीपुरता मर्यादित नाही, हे लक्षात येईल.

१. फेरबदलाने नेमके काय बदलते?
कार्बोरेटर पेट्रोल मोजत नाही. तो हवेच्या वेगामुळे निर्माण होणाऱ्या दाबातील फरकाला प्रतिसाद देतो. एअर फिल्टरची पेटी काढली की आतील अडथळा घटतो, जेटवरील ओढ कमी होते आणि त्याच वेळी हवा मात्र अधिक शिरते. मोठ्या तोंडाच्या कार्बोरेटरमध्ये हवेचा वेग मंदावतो व तोच परिणाम होतो. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी विकसित केलेल्या एक्स्पान्शन चेंबर धाटणीचा सायलेन्सर बसविल्यास ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यात सिलिंडर अधिक भरतो. म्हणजेच मूळचा जेट अपुरा पडतो, पण सर्वत्र सारखा नव्हे.

यात आजच्या इंधनाची भर पडते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ पट. २०२३ पासून वितरणात आलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे १३.५ येते. म्हणून जेट तोच ठेवला तरी मिश्रण विरळ होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व सील यांना अपाय करू शकते.

२. इंधनपुरवठ्याची तपासणी
स्पार्क प्लग, इग्निशन टायमिंग व कॉम्प्रेशन योग्य आहेत, हे आधी निश्चित करावे. कारण इग्निशनचा दोष हुबेहूब कार्बोरेटरच्या दोषासारखा भासतो. त्यानंतर टाकीपासून सुरुवात करावी.

समजा, गाडी दोन-तीन किलोमीटर उत्तम धावते, पूर्ण एक्सिलरेटरवर दम तोडते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होते. येथे जेटचा दोष असता तर तो पहिल्या मिनिटापासून दिसला असता. प्रत्यक्षात फ्लोट चेंबर भरण्यापेक्षा रिकामे लवकर होत असते. टाकीचे झाकण सैल करून लक्षण नाहीसे झाल्यास झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे, असे समजावे. अन्यथा पेट्रोल कॉकची जाळी, नळीतील मोड व फिल्टर पाहावे.

प्रवाह मोजणे सोपे आहे. सुमारे ८ किलोवॅट शक्तीसाठी प्रति किलोवॅट-तास ४५० ग्रॅम पेट्रोल लागते असे गृहीत धरल्यास ताशी ३.६ किलोग्रॅम, म्हणजे मिनिटाला सुमारे ८० मिलिलिटर पेट्रोल हवे. शक्ती ३० टक्क्यांनी वाढली तर ही गरज १०५ मिलिलिटरच्या आसपास जाते. इंजिन बंद व थंड असताना, मोकळ्या हवेत नळी मोजपात्रात सोडून मिनिटाला याच्या दुप्पट प्रवाह मिळाला तर पुरवठा समाधानकारक मानावा. फ्लोट चेंबरमधील पेट्रोल काचेच्या बाटलीत काढल्यास तळाशी साचलेले पाणीही दिसते. फ्लोटची पातळी खाली असल्यास सर्वच टप्प्यांवर मिश्रण विरळ होते, हेही ध्यानात ठेवावे.

३. आडमार्गाने शिरणारी हवा
एक्सिलरेटर सोडल्यावरही फेऱ्या लवकर उतरत नसतील, तर इनटेकचे रबर, रीड व्हॉल्व्हचे गॅस्केट किंवा मॅग्नेटोकडील ऑइल सील यांतून हवा शिरत असण्याची शक्यता असते. क्लचकडील सील फाटल्यास उलट गिअरबॉक्सचे ऑइल ओढले जाते व दाट पांढरा धूर निघतो. मोठा जेट टाकून हे दोष झाकता येतात, दूर होत नाहीत.

४. कार्बोरेटरची जुळवणी
एक्सिलरेटरच्या मुठीवर कागदी पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कराव्यात. साधारणपणे पहिल्या अष्टमांशापर्यंत पायलट जेट व एअर स्क्रू, तेथून पाव भागापर्यंत स्लाइडचा कटअवे, पाव ते पाऊण नीडल आणि त्यापुढे मेन जेट प्रभावी असतो. या सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात. दोष कोणत्या खुणेवर येतो यावरून दोषी भाग ओळखता येतो. त्याच क्षणी चोक किंचित ओढल्यावर गाडी सुधारली तर मिश्रण विरळ, बिघडली तर दाट.

प्रारंभ नेहमी मोठ्या मेन जेटने करून टप्प्याटप्प्याने खाली यावे, कारण दाट मिश्रणाने प्लग काळा पडतो, विरळ मिश्रणाने पिस्टन जातो. नंतर एअर स्क्रू दीड फेरा उघडून सर्वांत स्थिर आयडलिंग शोधावे. त्यासाठी तो अर्ध्या फेऱ्याहून कमी उघडावा लागल्यास पायलट जेट मोठा घ्यावा, तीन फेऱ्यांहून अधिक लागल्यास लहान. शेवटी नीडलची क्लिप पाहावी. ती एक खाच खाली बसविल्यास नीडल वर उचलली जाते व मिश्रण दाट होते. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवावी.

एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. पेट्रोलमध्ये तेल वाढविले की इंजिन सुरक्षित होते, असे मानले जाते. वास्तविक तेवढ्याच जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा घटतो आणि मिश्रण विरळ होते.

५. भूगोलाचा प्रभाव
उंची १००० मीटरने वाढली की हवेची घनता साधारण १० टक्क्यांनी घटते. कोकणपट्टीत जुळविलेली गाडी महाबळेश्वरी दाट चालेल, यात धोका नाही. मात्र महाबळेश्वरी जुळविलेली गाडी खाली उतरल्यावर विरळ होईल. पेट्रोलमध्येच तेल मिसळणाऱ्या इंजिनात, घाट उतरताना एक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून इंजिन जोरात फिरत राहिल्यास वंगणही जवळजवळ थांबते. म्हणून अधूनमधून एक्सिलरेटर थोडा उघडणे इष्ट होय.

निष्कर्ष :
१. पुरवठा, हवेची गळती आणि जुळवणी हा क्रम उलटविल्यास एका दोषावर दुसऱ्या दोषाचे पांघरूण पडते.
२. विरळ मिश्रणावर गाडी जाम होण्यापूर्वी अधिक चपळ भासू शकते. म्हणून चालकाच्या समाधानावर नव्हे, मोजमापावर विसंबावे.
३. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत फेरबदलास मनाई असून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. त्यामुळे सदर जुळवणीचे प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर न करता बंदिस्त आवारातच करावेत.
४. गॅरेजमधील अनुभवी कारागीर हाच क्रम कान व बोटांच्या आधारे पाळतो. त्याचे हे मौखिक ज्ञान मोजमापासह लिहून ठेवणे व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे, हे अध्यापकांचे कार्य ठरते.