चारित्र्याचा पुरावा आणि स्त्री : जळगाव प्रकरणाच्या संदर्भात

1994 मध्ये जळगाव शहरातील लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले. छायाचित्रे जाहीर करण्याची धमकी देऊन स्त्रियांना व मुलींना गप्प ठेवण्यात आले होते. तपासात मीरां बोरवणकर यांच्यासारख्या महिला पोलीस अधिकारी होत्या. तरीही अनेक पीडिता पुढे आल्या नाहीत. या मौनाचे कारण सहसा केवळ लोकलज्जेत शोधले जाते. ते अपुरे आहे. लोकलज्जेला कायद्याचेही पाठबळ होते.

तेव्हा लागू असलेल्या 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 155(4) अन्वये, बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता खोडून काढता येत असे. उलट, कलम 54 नुसार आरोपीचे वाईट चारित्र्य गैरलागू ठरे. अट एवढीच, की त्याने स्वतःच्या सच्चारित्र्याचा पुरावा दिलेला नसावा. (समान न्यायाचा हा अर्थ विलक्षणच म्हणावा लागेल.) बदनामीची धमकी देऊन जिला गप्प केले, तिच्याविरुद्ध न्यायालयातही बदनामीचाच मार्ग खुला होता.

देसाईगंज पोलीस ठाण्यातील 1972 च्या घटनेवरून उभ्या राहिलेल्या मथुरा खटल्यानंतर 1983 मध्ये कायदा बदलला, कोठडीतील बलात्काराबाबत संमतीच्या अभावाचे गृहीतक आले. परंतु कलम 155(4) तसेच राहिले. ते वगळले गेले 2002 च्या दुरुस्तीने, जळगाव प्रकरणानंतर आठ वर्षांनी. पीडितेचा पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या प्रश्नावर अप्रस्तुत ठरविणारे कलम 53अ तर 2013 मध्ये आले. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 48 आहे.