रस्ता कुणाचा?

डिंभे धरणाच्या जलाशयापलीकडे सह्याद्रीची रांग दिसते. तिच्यातून कोकणात उतरणारा आहुप्याचा घाट आहे, आणि उत्तरेस जुन्नर तालुक्यात नाणेघाट. रस्ता आणि राजसत्ता यांचे नाते तिथे नीट उमगते. पण आधी जरा परमुलुखात फिरून येऊ.

इ. स. पूर्व ३१२ मध्ये आप्पियुस क्लाउदियुस याने रोमहून दक्षिणेस कापुआपर्यंत रस्ता काढायला घेतला. सामनाईट लोकांशी लढाई चालू होती. फौज लवकर पोचावी, हा हेतू. पुढे अशा रस्त्यांवर मैलाचे दगड उभे राहिले आणि त्यांवर सम्राटांची नावे झळकली.

चीनमध्ये पहिल्या सम्राटाने इ. स. पूर्व २२१ मध्ये सारी राज्ये एका छत्राखाली आणली. गाड्यांच्या दोन चाकांमधले अंतरही त्याने ठरवून दिले, म्हणजे एकाच चाकोरीतून सगळ्या गाड्या धावाव्यात! मग इ. स. पूर्व २१२ मध्ये सेनापती मंग थ्येन याने उत्तर सरहद्दीकडे डोंगर फोडून, दऱ्या बुजवून सरळ रस्ता न्यायला सुरुवात केली. शतकभराने सुमा छ्येन हा इतिहासकार त्या वाटेने गेला. रस्ता पाहून त्याला कौतुकापेक्षा प्रजेच्या श्रमांची झालेली बेपर्वाईच अधिक जाणवली.

आता घरी या. सातवाहनांचा नाणेघाट काही रुंद राजरस्ता नव्हे. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच अरुंद खिंडीतून जुन्नरला चढे. खिंड हाती असली की व्यापारही हाती! म्हणूनच राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख इथल्या लेण्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे. त्यात यज्ञ मोजले आहेत. दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे मोजली आहेत. जवळच एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे लोक सांगतात.

दान कुणी दिले, ते लेख सांगतो. पण ज्याने पाठीवर ओझे घेऊन घाट चढला, त्याचे नाव रोमच्या दगडावर नाही, चीनच्या बखरीत नाही आणि आपल्या लेण्यातही नाही.

डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव आहे. तालुक्याला नाव देणारे गाव, आपल्या पायवाटांसकट बुडालेले. तेव्हा वाचकहो, रस्ता पाहाल तेव्हा तो कुणी काढला एवढेच विचारू नका. तो कुणी खणला आणि त्यावरून कोण चालले, हेही विचारा.